लहान होडीतून छायाचित्रण : पूर्वतयारीचा एक पाठ

गावाच्या कारभारात छायाचित्राला आज महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा असो, शाळेचा पर्यावरण प्रकल्प असो, अथवा जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये तयार करावयाची लोक जैवविविधता नोंदवही असो. शब्दांच्या जोडीला चित्र असले म्हणजे नोंदीला पुराव्याचे बळ येते. पूर्वी यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणाहून छायाचित्रकार बोलवावा लागे. आता शिक्षकाच्या वा ग्रामसेवकाच्या खिशातील मोबाईलवरही चांगले चित्र मिळू शकते. साधन हाती आले. तथापि साधन कसे वापरावे याचे नियोजन मात्र अद्याप पुष्कळ ठिकाणी दुर्लक्षित राहिले आहे.

ही उणीव सर्वांत अधिक जाणवते ती पाण्यावर. जलाशयातील पक्षी, जाळी ओढणारे मच्छीमार, पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जुनी मंदिरे ही दृश्ये काठावरून नीट टिपता येत नाहीत. त्यासाठी लहान होडीत बसावे लागते. जमिनीवर छायाचित्रकाराची चूक झाली तर एखादे चित्र वाया जाते. होडीत तीच चूक सोबतच्या माणसांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून होडीतील छायाचित्रणाचे बहुतेक सर्व निर्णय काठावरच घेतले गेले पाहिजेत. ते कोणते व कसे घ्यावेत, याचा विचार उजनी जलाशयाच्या उदाहरणाने येथे केला आहे.

उजनीचे उदाहरण का?

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयास ‘यशवंतसागर’ असे नाव आहे. सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी साठविणारा हा जलाशय सोलापूर व पुणे या जिल्ह्यांत पसरला असून अहिल्यानगर जिल्ह्याच्या हद्दीसही तो भिडतो. पुणे–सोलापूर महामार्गावरील भिगवण आणि जवळचे कुंभारगाव ही ठिकाणे हिवाळ्यात पक्षिनिरीक्षकांनी गजबजतात. रोहित, पट्टकादंब, चित्रबलाक, मोरशराटी, थापट्या, हळदी-कुंकू बदक, कुरव अशा नाना जातींचे पक्षी येथे पाहावयास मिळतात. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या स्थानिक कुटुंबांतील तरुण आपल्या होड्यांतून पाहुण्यांना पाण्यावर नेतात आणि त्यातून गावाला उत्पन्नाचे एक जोडसाधन लाभले आहे.

उजनीचा विशेष असा की, येथील पाणी वर्षभर एका पातळीवर राहत नाही. पावसाळ्याच्या अखेरीस जलाशय तुडुंब भरतो व शेती, उद्योग आणि नगरे यांच्या गरजेप्रमाणे तो उन्हाळ्यापर्यंत ओसरत जातो. पाणी मागे हटले की काठाचा चिखल उघडा पडतो, उथळ पाणी तयार होते आणि अशा पाण्यात चोच उलटी घालून गाळातील शेवाळ व सूक्ष्म जीव गाळून खाणारे रोहित पक्षी तेथे उतरतात. पाणी आणखी कमी झाले म्हणजे जुन्या पळसदेव गावातील पळसनाथाचे प्राचीन मंदिर वर येते. साहजिकच कोणत्या महिन्यात काय टिपता येईल, होडी कोठून सुटेल आणि पाण्याखालील जुनी भिंत वा बाभळीचे खोड होडीस कोठे अडेल, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पाण्याच्या पातळीवर अवलंबून असतात. जलसंपदा विभागाकडून मिळणारी पाणीसाठ्याची आकडेवारी पाहणे ही नियोजनाची पहिली पायरी होय.

दोन दुर्घटनांचा बोध

दिनांक २१ मे २०२४ रोजी सायंकाळी याच जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगाव व इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांना जलसमाधी मिळाली. त्यापूर्वी दिनांक १३ जानेवारी २०१८ रोजी पालघर जिल्ह्यातील डहाणूजवळच्या समुद्रात सुमारे चाळीस विद्यार्थी असलेली होडी कलंडून काही विद्यार्थिनी दगावल्या. मुले छायाचित्रे काढण्यासाठी होडीच्या एका बाजूस जमली होती, असे त्या वेळच्या वृत्तांत आले होते.

पहिल्या घटनेत वारा होता, दुसरीत एका बाजूस झालेली गर्दी. होडीतील छायाचित्रणाचे हेच दोन मुख्य धोके आहेत. त्यांपैकी वाऱ्यावर कोणाचीही सत्ता चालत नाही. त्याची वेळ मात्र टाळता येते. गर्दी व हालचाल या गोष्टी सर्वस्वी माणसाच्या हातातील आहेत. शिस्त अंगी बाणावयाची तर तिच्यामागील कारण समजले पाहिजे, म्हणून होडीच्या तोलाचे थोडे गणित पाहणे अगत्याचे आहे.

होडीच्या तोलाचे गणित

समजा, एक होडी ६ मीटर लांब व दीड मीटर रुंद आहे. हिशोबाच्या सोयीसाठी तिचा तळ सपाट व चौकोनी मानला, तर पाण्यावरील तिचे क्षेत्रफळ ९ चौरस मीटर होते. अशी होडी १ सेंटिमीटर खाली जाण्यासाठी ९० लिटर पाणी बाजूस सारले गेले पाहिजे. म्हणजेच ९० किलो भार चढला पाहिजे. आर्किमिडीजचे तत्त्व शाळेत शिकविले जाते, त्याचाच हा व्यवहारातील उपयोग आहे. या हिशोबाने ८० किलोची चार माणसे होडीत सारख्या अंतराने बसली, तर होडी साडेतीन-चार सेंटिमीटरच खाली जाईल. कोणालाही ते जाणवणार नाही.

आता होडीचे व सर्वांचे मिळून वजन ८०० किलो आहे आणि तीच चार माणसे पक्षी पाहण्यासाठी एका अंगाला ६० सेंटिमीटर सरकली, असे मानू या. ढोबळ हिशोबाने त्या बाजूची कड १० ते ११ सेंटिमीटर खाली जाते. सरकणे एकाएकी झाले तर होडी हेलकावा घेते आणि क्षणभर त्याच्या जवळजवळ दुप्पट झुकते. होडीची कड पाण्याच्या वर अवघी २५ सेंटिमीटर असेल आणि त्याच क्षणी दुसऱ्या होडीच्या लाटेने साथ दिली, तर पाणी आत येण्यास अवकाश राहत नाही. आत आलेले पाणी खालच्या बाजूस धावते आणि होडी सावरण्याऐवजी आणखी कलते.

हा हिशोब सपाट तळाच्या रुंद होडीचा आहे. पुष्कळ होड्या तळाशी निमुळत्या असतात. त्या याहूनही लवकर कलतात. शिवाय माणूस उभा राहिला की गुरुत्वमध्य वर जातो आणि तोल आणखी कमी होतो. यावरून तीन नियम निघतात. होडीत कोणी उभे राहू नये. जागा बदलू नये. आणि एका बाजूचे दृश्य पाहावयाचे झाल्यास माणसांनी सरकण्याऐवजी नावाड्याने होडी वळवावी.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा. पाण्याने भरलेली परात, एक उथळ आयताकृती डबा आणि मूठभर नाणी एवढे साहित्य त्यास पुरते. नाणी सारखी पसरली म्हणजे डबा बरीच नाणी पेलतो; तीच नाणी एका कडेला लोटली की तो बुडतो. मुलांना सहलीपूर्वी दिलेल्या दहा सूचनांपेक्षा हा एक डबा अधिक शिकवून जातो.

काय टिपावयाचे ते आधी ठरवावे

होडीत बसल्यावर दिसेल ते टिपत सुटणे ही सर्वसामान्य पद्धत आहे. तिच्यामुळे चित्रे शेकड्यांनी मिळतात. कामाची निघतात मोजकीच. म्हणून चित्रे कोठे वापरावयाची आहेत, हे प्रथम ठरवून त्यावरून चित्रसूची तयार करावी. उदाहरणार्थ, ग्रामपंचायतीस आपल्या जलाशयाविषयी माहितीपत्रक काढावयाचे असेल तर पुढील आठ चित्रे पुरेशी होतील : जलाशयाचे विस्तृत दृश्य, होड्या लागण्याची जागा, जाळे ओढणारा मच्छीमार, ताज्या मासळीची टोपली, खाद्य शोधणारा रोहितांचा थवा, एका पक्ष्याचे जवळून घेतलेले चित्र, सुरक्षा जाकिटे घालून बसलेले प्रवासी आणि काठावरील गाव.

ही सूची हाती असली की लक्षात येते की, आठांपैकी चार चित्रे काठावरूनच घेता येतील. होडीत केवळ चार चित्रांसाठी जावयाचे आहे. साहजिकच फेरी छोटी होते, माणसे कमी लागतात आणि खर्चही वाचतो. प्रत्येक चित्रापुढे ते आडवे हवे की उभे, त्यात माणूस हवा की नको, याचीही नोंद करावी. मुखपृष्ठासाठी उभे चित्र लागते, हे होडीतून परत आल्यावर आठवले तर त्याचा उपयोग नसतो.

ज्या व्यक्तींची चित्रे घ्यावयाची त्यांची संमती आदल्या दिवशीच घ्यावी. मुलांच्या बाबतीत पालकांची परवानगी आवश्यक आहे. जाळे ओढणारा मच्छीमार हा आपल्या पोटापाण्याच्या कामात असतो. चित्रासाठी त्यास दोन-तीनदा जाळे टाकावयास लावणे उचित नव्हे. त्याच्या कामाच्या क्रमाशी छायाचित्रकाराने जुळवून घेतले तर चित्रही स्वाभाविक येते.

वेळ, प्रकाश आणि वारा

सकाळचा सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचा प्रकाश कोवळा व तिरका असतो. पाण्याला रंग येतो, पक्ष्यांच्या पिसांतील बारकावे उठून दिसतात आणि माणसांच्या चेहऱ्यावर डोळ्यांखाली गडद सावल्या पडत नाहीत. सूर्य ताशी १५ अंशांनी सरकतो. त्यामुळे ही अनुकूलता सूर्योदयानंतर फार तर दोन तास टिकते. त्यानंतर पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश डोळ्यांना व कॅमेऱ्याला दोघांनाही दिपवू लागतो.

हिवाळ्यात सकाळचे पाणी बहुधा शांत असते, हा दुसरा लाभ होय. दिवस वर येऊ लागतो तसा वारा वाढतो. एप्रिल व मे महिन्यांत तर दुपारनंतर वळवाचे ढग जमतात आणि विस्तीर्ण जलाशयावर वाऱ्याला कोठेच अडथळा नसल्याने अल्पावधीत मोठ्या लाटा उठतात. या कारणास्तव उन्हाळ्यात दुपारनंतर छायाचित्रणाची फेरी ठेवूच नये. सायंकाळचा प्रकाश कितीही मोहक असला तरी सूर्यास्ताचे चित्र काठावरून घ्यावे. आदल्या सायंकाळी भारतीय हवामान विभागाचा अंदाज पाहावा आणि निघण्यापूर्वी नावाड्याचे मत घ्यावे. दोहोंपैकी एकानेही प्रतिकूल कौल दिला तर कार्यक्रम पुढे ढकलावा. हिवाळ्यात दाट धुके असल्यास समोरचा काठ स्पष्ट दिसेपर्यंत होडी सोडू नये.

कार्यक्रम ठरविताना एक राखीव दिवस धरून ठेवावा. अधिकाऱ्यांचा दौरा, शाळेची सुटी, भाड्याचे वाहन यांची सांगड एकाच दिवशी घातली म्हणजे ‘आता आलोच आहोत तर जाऊन येऊ’ असा मोह होतो. राखीव दिवस हाच या मोहावरील उतारा होय.

नावाड्याशी बोलणी

पाण्यावर अंतिम शब्द नावाड्याचा, हे तत्त्व प्रारंभीच मान्य केले पाहिजे. सोबत गटविकास अधिकारी असोत, मुख्याध्यापक असोत की सरपंच. होडी सुटली की हुद्दा काठावर राहतो. ‘मामा, थोडं आणखी जवळ घ्या’ असा आग्रह वारंवार झाला तर पाहुण्यांचा मान राखण्यासाठी नावाडी स्वतःच्या अनुभवाविरुद्ध वागतो. असा संकोच त्यास वाटू नये, याची जबाबदारी पाहुण्यांची आहे.

आदल्या दिवशी नावाड्याबरोबर काठावर बसून चित्रसूची त्यास वाचून दाखवावी. कोणता पक्षी सध्या कोणत्या अंगाला उतरतो, कोणाची जाळी किती वाजता निघतात, बुडालेली झाडे व भिंती कोठे आहेत, हे त्याच्याइतके कोणासही ठाऊक नसते. होडी किती माणसे नेते, हे विचारून त्याहून एक-दोन माणसे कमीच न्यावीत. कारण छायाचित्रकाराला वळण्यास व साहित्य ठेवण्यास मोकळी जागा लागते. सहा जणांच्या होडीत नावाड्यासह चार किंवा पाच माणसे असणे इष्ट. यंत्रचलित होड्यांची नोंदणी व तपासणी यांची तरतूद अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ मध्ये आहे. तेव्हा होडीची कागदपत्रे पाहण्यास संकोच करू नये. यंत्र असले तरी वल्ही, उथळ पाण्यात होडी ढकलण्याचा बांबू, लांब दोर आणि पाणी उपसण्याचे भांडे होडीत आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

भाडे वेळेवर ठरवावे. पक्ष्यांच्या किती जवळ नेले यावर ठरवू नये. जवळ नेण्यासाठी बक्षिसी देण्याची प्रथा पक्ष्यांनाही घातक आहे आणि प्रवाशांनाही. फेरी मध्येच सोडून परतावे लागले तरी पूर्ण भाडे मिळेल, असा शब्द आधी दिला म्हणजे वारा उठताच नावाडी निःसंकोचपणे होडी वळवितो.

साहित्य व त्याची हाताळणी

होडीत साहित्य जितके कमी, तितके काम अधिक चांगले. एक कॅमेरा व एक भिंग पुरे. दूरचे पक्षी टिपावयाचे असल्यास ३०० मिलिमीटर वा त्याहून लांब पल्ल्याचे भिंग घ्यावे. भिंग बदलण्याचे काम होडीत करू नये. तुषार आत जातात आणि हातातील वस्तू पाण्यात पडण्याचा संभव असतो. तिपाईचा होडीत उपयोग होत नाही. यंत्राची थरथर व पाण्याचा हेलकावा ती जशीच्या तशी कॅमेऱ्यापर्यंत पोचविते. त्याऐवजी तांदूळ भरलेली कापडी पिशवी होडीच्या काठावर ठेवून तिच्यावर भिंग टेकवावे, किंवा कोपरे शरीराशी घट्ट धरून बसल्या बसल्या चित्र घ्यावे.

होडी हलत असल्याने शटरचा वेग सेकंदाचा १/१००० भाग किंवा त्याहून जलद ठेवावा. उडत्या पक्ष्यांसाठी तो १/२००० असावा. त्यासाठी संवेदनक्षमता, म्हणजे आयएसओ, ४०० ते ८०० पर्यंत वाढविण्यास हरकत नाही. चित्रात किंचित कण दिसले तरी चालतात; हललेले चित्र मात्र दुरुस्त करता येत नाही. गडद पाण्यावरील पांढरा पक्षी कॅमेऱ्याच्या स्वयंचलित मापनात प्रमाणाबाहेर उजळ होतो, तेव्हा प्रकाश थोडा कमी करावा. उलट चमचमत्या पाण्यापुढे बसलेला माणूस काळवंडतो, तेव्हा प्रकाश वाढवावा. क्षितिजाची रेषा तिरकी येणे हा होडीतील चित्रांचा नेहमीचा दोष आहे. कॅमेऱ्याच्या पडद्यावरील आडव्या-उभ्या रेषा चालू ठेवल्यास तो टळतो. मोबाईलवर चित्र घेणाऱ्यांनी दूरचे दृश्य पडद्यावर ताणून मोठे करण्यापेक्षा विस्तृत दृश्ये व माणसांची चित्रे यांवर भर द्यावा.

कॅमेरा झाकणाच्या जलरोधक पिशवीत ठेवावा; ती नसल्यास जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या एकात एक घालून वापराव्यात. कोरडे सुती फडके, जादा बॅटरी व जादा मेमरी कार्ड खिशात असावे. यांहून महत्त्वाची बाब म्हणजे सुरक्षा जाकीट. ते प्रमाणित असावे, अंगाच्या मापाचे असावे आणि त्याचे सर्व बंद बांधलेले असावेत. जाकीट आधी घालावे आणि कॅमेऱ्याचा पट्टा त्यावरून घ्यावा. पट्टा जाकिटाखाली अडकला तर पाण्यात पडल्यावर कॅमेरा टाकून देता येत नाही. जाकिटामुळे चित्र काढण्यास अडचण होते, ही सबब मान्य करू नये. जड बूट घालू नयेत. पोहणाऱ्यानेही जाकिटाशिवाय होडीत पाय ठेवू नये.

पक्ष्यांच्या जवळ जाताना

पट्टकादंब हिमालय ओलांडून मध्य आशियातून येथे येतात. रोहित पक्ष्याला हवेत उठण्यासाठी पाण्यावरून बरेच अंतर धावावे लागते. खाद्य शोधणारा थवा केवळ ‘उडतानाचे चित्र’ मिळावे म्हणून उठविला, तर त्याने खाऊन मिळविलेली शक्ती वाया जाते. दिवसभरात दहा होड्यांनी दहा वेळा थवा उठविला म्हणजे पक्षी ती जागा सोडतात. मग गावाचे उत्पन्नही जाते आणि पुढील वर्षाचे चित्रही. वन्य पक्ष्यांना त्रास देणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या हेतूला बाधक आहेच.

सूर्य पाठीशी राहील अशा बाजूने, वळसा घेऊन आणि तिरक्या रेषेत थव्याजवळ जावे. सरळ रोखाने जाऊ नये. शे-दीडशे मीटर अंतरावर यंत्र बंद करून पुढे वल्ह्याने किंवा बांबूने होडी न्यावी. पक्ष्यांकडे लक्ष ठेवावे. खाली मान घालून खाणारे पक्षी माना वर करू लागले, एकाच दिशेने चालू लागले, तर त्यांना होडीची भीती वाटू लागली आहे, असे समजावे. तेथेच थांबावे. होडी काही काळ निश्चल राहिली तर पुष्कळदा पक्षी पुन्हा खाण्यास लागतात आणि अपेक्षित चित्र आपोआप मिळते. ड्रोनचा वापर थव्यांवर करू नये. ड्रोन उडविण्यासाठी ड्रोन नियम, २०२१ पाळावे लागतातच. परंतु नियमांत बसणारे उड्डाणही पक्ष्यांना घाबरवू शकते.

एका सकाळचा नमुना कार्यक्रम

वरील सर्व बाबी एकत्र गुंफून जानेवारी महिन्यातील एका सकाळचा कार्यक्रम पुढीलप्रमाणे आखता येईल. या दिवसांत या भागात सूर्योदय सात वाजण्याच्या सुमारास होतो.

पहाटे ५.४५ : काठावर एकत्र जमणे. साहित्य, जाकिटे व होडी यांची तपासणी.

६.१५ : नावाड्याकडून वारा व धुके यांविषयी मत घेणे. कोण कोठे बसणार हे ठरविणे. छायाचित्रकार मध्यभागी, त्याच्या समोरच्या बाजूस तोलासाठी एक साथीदार. काठावर थांबणाऱ्या व्यक्तीस होडीतील सर्वांची नावे, मार्ग व परतण्याची वेळ लिहून देणे.

६.४० : पुरेसे उजाडल्यावर प्रस्थान.

७.०० ते ७.४० : जाळी ओढणाऱ्या मच्छीमारांची चित्रे. त्यांच्या जाळ्यांवरून होडी नेऊ नये.

७.४० ते ८.४० : पक्ष्यांची चित्रे.

८.४० ते ९.१० : पाण्यावरून दिसणारे गाव व जलाशयाचे विस्तृत दृश्य.

९.३० : काठावर परत.

काठावरील व्यक्तीने ९.३० वाजता होडी न आल्यास नावाड्याला दूरध्वनी करावा आणि १० वाजेपर्यंत संपर्क न झाल्यास ११२ या क्रमांकावर कळवून दुसऱ्या होडीची व्यवस्था करावी. ही व्यक्ती नेमणे हा कार्यक्रमातील सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक वेळा वगळला जाणारा भाग आहे.

विद्यार्थ्यांचा गट असल्यास सर्वांना एकाच वेळी पाण्यावर नेऊ नये. चार-चार मुलांच्या फेऱ्या कराव्यात, प्रत्येक फेरीत एक शिक्षक असावा आणि कॅमेरा एकाच मुलाच्या हाती द्यावा. उरलेल्या मुलांना पक्ष्यांची गणना, वेळेची नोंद व रेखाटन ही कामे वाटून द्यावीत. प्रत्येकाच्या हाती मोबाईल असला की प्रत्येकजण एकाच दृश्याकडे झुकतो, हे विसरता कामा नये.

परतल्यानंतरचे काम

काठावर पाय ठेवताच काम संपत नाही. चित्रांच्या दोन प्रती त्याच दिवशी दोन निरनिराळ्या ठिकाणी साठवाव्यात. प्रत्येक निवडलेल्या चित्रास चित्रओळ लिहावी. तीत स्थळ, दिनांक, वेळ, पक्ष्याचे स्थानिक नाव आणि चित्रातील व्यक्तीच्या संमतीने तिचे नाव असावे. दिनांक नसलेले चित्र शोभेपुरते उरते. दिनांक व स्थळ असलेले चित्र मात्र पाच वर्षांनी पाणी किती ओसरले, पक्षी कोणत्या महिन्यात आले, काठावर काय बदलले हे सांगू शकते. लोक जैवविविधता नोंदवहीत अशाच चित्रांना मोल आहे. ज्या मच्छीमारांनी साहाय्य केले त्यांना त्यांच्या चित्राची छापील प्रत अवश्य पोचवावी.

जलाशयाकाठच्या ग्रामपंचायतींना या कामी पुढाकार घेता येईल. होड्या लागण्याच्या जागी प्रवासीसंख्या, जाकिटाची सक्ती, होडीत उभे न राहणे आणि पक्ष्यांचे थवे न उठविणे हे चार नियम ठळक अक्षरांत लावावेत. ग्रामनिधीतून वा लोकवर्गणीतून लहान-मोठ्या मापांची जाकिटे घेऊन ती नावाड्यांना उपलब्ध करून द्यावीत. वर्षातून एकदा, पक्ष्यांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, नावाडी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांची बैठक घेऊन पाण्याची पातळी, धोक्याच्या जागा व फेरीच्या वेळा ठरवाव्यात. बुडालेल्या भिंती व झाडे यांच्या जागी बांबू रोवून खुणा केल्यास बाहेरून आलेल्या होडीलाही धोका कळेल.

यातील कोणत्याही कामासाठी मोठा निधी लागत नाही. आदल्या दिवसाची एक संध्याकाळ, कागदावरील एक सूची आणि नावाड्याशी मोकळेपणाने केलेली चर्चा एवढी तयारी असली, तर होडीत गेलेली सर्व माणसे सुखरूप परत येतात, पक्षी आपल्या जागी राहतात आणि गावाला हवी असलेली चित्रेही मिळतात.